दुरुस्तीचं टेबल

पहाटे पाच

जानेवारीत आलापल्लीला इतकं दव पडतं, की व्हरांड्यात राहिलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस एका रात्रीत निकामी होतं. म्हणून पोती वर्गात, बाकांवर. उठल्यावर पहिलं काम भट्टीचं. कृत्रिम पायाची वाटी घडवायला प्लास्टिकचा पाइप तापवावा लागतो आणि त्याला एकसारखी उष्णता हवी. इथली वीज कमीजास्त होते, तेव्हा आधी जनरेटर चालवून बघायचा, मग चहा.

नागपूरच्या आमच्या लहानशा संस्थेची गाडी वर्षातून दोनदा गडचिरोलीच्या या दक्षिण टोकाला येते. मी कारागीर, जयपूर फूट बसवणारा. शाळेचा हॉल मिळतो. टेबलांचा क्रम ठरलेला आहे: नोंदणी, तपासणी, साचा, भट्टी, चालण्याच्या दांड्या. दुरुस्तीचं टेबल मात्र मी कोपऱ्यात जाऊ देत नाही, ते दाराशीच हवं. जुना पाय घेऊन आलेल्या माणसाला नव्या लोकांच्या मागे रांगेत ताटकळावं लागलं, तर तो मिळेल त्या एसटीने परत जातो आणि पाय घरी माळ्यावर पडून राहतो.

साडेसात

काहीजण रात्रीच येऊन शाळेत झोपलेत. एटापल्ली, भामरागडकडच्या गावांतून सकाळी निघून वेळेवर पोचणं कठीण. अंगणात मराठी, तेलुगू, माडिया, आणि मुलचेऱ्याकडच्या एका आजीची बंगाली. त्या तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. माडिया बोलणाऱ्यांसाठी गावांत आरोग्याचं काम बघणाऱ्या दोन आशाताई आल्यात. त्यांच्याशिवाय हे शिबिर मुकंच राहिलं असतं.

नोंदणीला आधार आणि दिव्यांग प्रमाणपत्र मागतो, पण कागद नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाही. 2016च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. आधीच्या 1995च्या कायद्यात 7 होते. कायदा रुंद झाला, तरी बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांचा दाखला लागतोच आणि त्यासाठी भामरागडच्या आतल्या गावातून सरकारी दवाखान्याच्या खेपा घालायच्या म्हणजे मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही. म्हणून आमचा एक मुलगा दिवसभर फक्त फॉर्म भरतो. तो एकाही पायाला हात लावत नाही, पण त्याचं काम माझ्या कामाइतकंच मोठं आहे.

नऊ

तपासणी. छापील फॉर्मवर पहिला रकाना आहे, पाय कशाने गेला. मी तो शेवटी भरतो. आधी विचारतो, काम काय करता? घरी जमिनीवर बसता की बाजेवर? नदी ओलांडावी लागते का? धानाच्या बांधीत उतरता का?

"रोवण्याले जाता येईल का जी?" चामोर्शीकडची एक बाई उलट मलाच विचारते. मळणी यंत्रात तिचा गुडघ्याखालचा पाय गेलाय. चिखलात उभं राहून पऱ्हे लावता येणं, हाच तिच्या लेखी पाय. तिला बुटाशिवाय चालणारा, भिजला तरी न बिघडणारा, उकिडवं बसू देणारा पाय हवा. जयपूर फूट झाला तोच अशा माणसांसाठी.

कारणं तीच तीच येतात. मधुमेहाची चिघळलेली जखम, रस्त्यावरचा ट्रक, उशिरा दवाखान्यात नेलेला सर्पदंश. आणि अधूनमधून भूसुरुंग.

आज एक तरुण आलाय, इंद्रावतीपलीकडून, छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातून. सोबत धाकटा भाऊ. पहाटे मोहा वेचायला गेला आणि पानांखाली पुरलेल्या प्रेशर बॉम्बवर पाय पडला. आशाताई सांगते आणि तो जमिनीकडे बघत बसतो.

भूसुरुंगाची जखम यंत्रात सापडलेल्या पायासारखी नसते. स्फोट खालून वर येतो. माती, चपलेचे तुकडे, हाडाचे कण मांसात वरपर्यंत घुसतात. बाहेरून घोट्याशी संपलेली दिसणारी जखम आत पोटरीपर्यंत गेलेली असते, म्हणून शल्यचिकित्सकाला पाय दिसतो त्याहून बराच वर कापावा लागतो. जखम लगेच शिवत नाहीत. काही दिवस उघडी ठेवून, साफ करून मग बंद करतात. हे पहिल्या दवाखान्यात नीट झालं नाही, तर पुढे महिनोन्‌महिने पू येत राहतो. याच्या खुंटाच्या, म्हणजे उरलेल्या पायाच्या, कडेला कातडीखाली अजून काळे ठिपके दिसतात. मातीच असणार.

1 मे 2019 ला याच जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ स्फोटात 15 पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. महाराष्ट्र दिन होता. ती बातमी देशभर पोचली आणि पोचायलाच हवी होती. मोहा वेचणाऱ्याच्या पायाची बातमी तालुक्याची हद्दही ओलांडत नाही. भूसुरुंगबंदीचा आंतरराष्ट्रीय करार 1997 साली झाला. माणसाच्याच पायाने उडणारा सुरुंग, कारखान्यातला असो की हाताने बनवलेला, त्यात निषिद्ध ठरला आणि जायबंदी झालेल्यांची काळजी घेण्याचं कलमही प्रथमच अशा करारात आलं. भारताने त्यावर सही केलेली नाही. बॉम्ब पेरणारे तर कुठलाच कागद मानत नाहीत. या दोहोंच्या मधे हा मुलगा माझ्यासमोर बाकावर बसलाय.

त्याला आज पाय मिळणार नाही. खुंट सुजलेला आहे. या सुजेवर साचा घेतला, तर महिन्याभरात सूज उतरेल, वाटी सैल होईल, आत घासून जखम होईल. मी त्याच्या भावाला क्रेप बँडेज बांधायला शिकवतो. आठच्या आकड्यासारखं, टोकाशी घट्ट, वर येताना सैल. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, नाहीतर गुडघा वाकलेलाच राहील आणि मग कुठलाही पाय बसणार नाही. भाऊ तीनदा बांधून दाखवतो. तिसऱ्यांदा माझ्याहून चांगलं बांधतो.

ताई त्याचं म्हणणं सांगते: मग एवढ्या लांबून कशाला बोलावलं? प्रश्न रास्त आहे. मी त्याला सूज दाबून दाखवतो, बोटाचा खड्डा किती वेळ राहतो ते बघायला लावतो. खड्डा पडायचा थांबला, की निरोप पाठव, म्हणतो. काळ्या ठिपक्यांसाठी सर्जनच्या नावाने चिठ्ठी देतो, बसभाड्यासकट.

अकरा

साचे. खुंटावर ओला मोजा चढवायचा, न पुसणाऱ्या पेन्सिलीने हाडांच्या खुणा करायच्या, मग प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. प्लास्टर घट्ट होईपर्यंत गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर दोन्ही अंगठे रोवून ठेवायचे. गुडघ्याखाली कापलेल्या पायाचं वजन बरंचसं तिथे पेलायचं असतं. खुंटाच्या टोकावर अजिबात नाही. मग त्या साच्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती काढतो आणि ती तासतो. जिथे वजन यायला हवं तिथे खरवडायचं, जिथे हाड टोचेल तिथे भर घालायची. यंत्र यात मदत करत नाही. माझ्या अंगठ्याला जे कळलं, तेच वाटीत उतरतं.

भट्टीतून पाइप मऊ होऊन येतो, तेव्हा दोघांनी हातमोजे घालून तो एका दमात प्रतिकृतीवर ओढायचा. शेतात पाणी नेणाऱ्या पाइपाचंच हे प्लास्टिक, एचडीपीई. बघणारे शेतकरी ते लगेच ओळखतात आणि त्यांचा त्यावर विश्वास बसतो.

खालचं रबरी पाऊल मात्र जयपूरहून येतं. 1968च्या सुमारास तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी ते घडवलं. शर्मांना सगळे मास्टरजी म्हणत. शिक्षण जेमतेम, हात असामान्य. टायर रिमोल्ड करण्याच्या दुकानावरून त्यांना भट्टीत पक्क्या केलेल्या रबराची कल्पना सुचली, असं जयपूरचे लोक सांगतात. आत लाकूड आणि स्पंजासारखं रबर, वरून कातडीच्या रंगाचं जाड रबर, बोटांसकट. ते सगळीकडून वाकतं, म्हणून शेताच्या बांधावर टिकतं. 1975 साली डी. आर. मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि हे पाऊल अफगाणिस्तान, कंबोडियातल्या सुरुंगग्रस्तांपर्यंत गेलं. मुंबईच्या सुधा चंद्रन याच पायावर भरतनाट्यम नाचल्या, म्हणून आपल्याकडे नाव घरोघरी झालं. मला मात्र मास्टरजींबद्दल जास्त ओढ वाटते. कारागिराने डॉक्टरच्या बरोबरीने बसून विचार केला, म्हणून हा पाय झाला.

एक

वरण, भात, वांग्याची भाजी. आळीपाळीने जेवतो, भट्टी चालूच राहते.

दोन

चालण्याच्या दांड्या. चामोर्शीच्या ताई वाटीत खुंट घालतात, उभ्या राहतात आणि दोन्ही दांड्या इतक्या घट्ट धरतात की बोटं पांढरी पडतात. पहिला अर्धा तास पाऊल टाकायचं नसतंच. नुसतं वजन इकडून तिकडे. मी खाली बसून पावलाचा कोन बघतो, स्क्रू सैल करतो, किंचित बाहेर वळवतो, पुन्हा आवळतो. मग पाय काढून खुंट बघायचा. कातडी कुठे लाल झालीय? शिरेवरची लाली चांगली, हाडावरची नको.

"अंगठा खाजवते जी," त्या हळूच म्हणतात. नसलेल्या पायाचा अंगठा. वेड लागलं म्हणतील या भीतीने त्यांनी हे घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आमच्या फिजिओताई त्यांना बाजूला नेऊन समजावतात, की मेंदूतली पायाची जागा अजून रिकामी झालेली नाही, पुष्कळांना असं होतं. पाय वापरात आला, की बऱ्याच जणांचं हे कमी होतं. ताईंचा चेहरा पाय मिळाल्यावर उजळला नव्हता इतका हे ऐकून उजळला.

साडेतीन

दुरुस्तीचं टेबल. दिवसातलं माझं सगळ्यांत आवडतं काम आणि सगळ्यांत कमी लोकांना दिसणारं.

पाय देणारे पुष्कळ आहेत. दिलेला पाय वापरात ठेवणारे थोडे. रबराचं पाऊल रोज शेतात गेलं तर दोनतीन वर्षांत फाटतं, पट्टे तुटतात, खुंट बारीक होऊन वाटी सैल पडते. वाढत्या मुलाला तर वर्षाच्या आतच पाय तोकडा पडतो. हे कुणी बघितलं नाही, की माणूस पुन्हा कुबडीवर येतो आणि कागदावर मात्र तो 'लाभार्थी' म्हणून कायम राहतो.

आज एकाने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कोराच वाटणारा पाय आणला. दुसऱ्या कुठल्या शिबिरातला. एकदाच घातला, म्हणतो, टोचला, ठेवून दिला. वाटीच्या आत हाडाच्या टोकासमोर जागाच सोडलेली नाही. दहा मिनिटं गरम हवेने ती जागा फुगवली, आतलं अस्तर बदललं. तो हॉलभर चालून आला आणि बाहेरही गेला.

त्याच्यामागून सिरोंच्याकडचा एक मेंढपाळ. त्याने फाटलेलं पाऊल सायकलच्या ट्यूबने आणि तारेने स्वतःच शिवलंय. शिवण इतकी नीट, की ती उसवताना मला वाईट वाटतं. नवं पाऊल बसवून दिलं आणि जुनं मागून घेतलं. आमच्या पोरांना दाखवायचंय, कुठे फाटतं आणि वापरणारा ते कसं वाचवतो.

पाच

पाहुणे, हार, फोटो. इंद्रावतीपलीकडच्या मुलाला पुढे बसवा, असं एकजण सुचवतो. मी नाही म्हणतो. त्याला आज पाय मिळालेला नाही, आणि त्याच्या गावच्या परिस्थितीत पेपरात चेहरा येणं त्याला महागात पडू शकतं. पाहुण्यांना ते पटतं. मुलगा तोवर भावाबरोबर बसथांब्याकडे निघालेलाही असतो.

साडेसहा

सेरेब्रल पाल्सीच्या मुलीसाठी लाकडी खुर्ची. मान सावरायला दोन बाजूंनी उशा, पुढे ताटासाठी फळी. तिची आई आजवर तिला मांडीवर आडवी धरून भरवत होती. घास श्वासनलिकेत जायचा तो त्यानेच. बसवून भरवलेला पहिला चमचा मुलगी ठसका न लागता गिळते.

कॅलिपर बदलायला आलेले पोलिओचे सगळेच पोक्त. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, त्यामुळे या रांगेत आता पोरं नाहीत. माझ्या कामातली एवढी एक रांग आपोआप लहान होत चाललीय.

रात्री नऊ

वही. किती पाय दिले हे पहिल्या पानावर, देणगीदारांसाठी. मागच्या पानांवर माझी यादी: कुणाला दिला नाही आणि का, कुणाची वाटी तीन महिन्यांनी बघायची, कुणाकडे फोन नाही आणि निरोप कोणत्या आशाताईकडे द्यायचा. बिजापूरच्या मुलासमोर लिहिलं: सूज, सर्जनसाठी चिठ्ठी दिली, निरोप भामरागडच्या ताईंमार्फत.

पुढच्या शिबिराची तारीख पाऊस आणि तेंदूपत्ता बघून ठरते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. मे महिन्यात सगळे तेंदूपत्त्याला जंगलात. मधे जूनचा पहिला आठवडा उरतो, पाऊस लांबला तर. गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवलं.