वकिलाचा पाय

काचबिंदूमुळे माझ्या पत्नीला गेली सहा वर्षे दिसत नाही. तरी मोटारीत ती मागे बसत नाही, माझ्या शेजारीच बसते, आणि साताऱ्याहून पुण्याला येताना गाडी किती वेगात आहे हे मला तीच सांगते. "अहो, हळू झालात. कोणाची गोष्ट रंगात आलीय?" तिचे बरोबर असते. बँकेत छत्तीस वर्षे काढलेला माणूस, त्यात कादंबऱ्या लिहिणारा. गोष्ट सांगू लागलो की माझा पाय आपोआप ढिला पडतो, गाडी साठावर येते आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतो. ती बोलू लागली की उलटे. ऐकता ऐकता काटा नव्वदच्या पुढे जातो.

गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी नवी गाडी घेतली. स्टिअरिंगवरचे एक बटण दाखवून तो म्हणाला, "बाबा, हे खास तुमच्यासाठी आहे. क्रूझ कंट्रोल. वेग एकदा ठरवून द्यायचा आणि पाय काढून घ्यायचा." मला थोडा रागच आला. पण घरी येऊन मी या बटणाचे मूळ शोधत बसलो, तेव्हा दिसले की पोराने थट्टेत म्हटले ते शब्दशः खरे होते. हे यंत्र निघाले ते माझ्यासारख्याच एका बोलघेवड्या माणसामुळे. आणि ते काढणारा माझ्या पत्नीसारखा होता.

त्याचे नाव राल्फ टीटर. जन्म १८९० चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउन या लहानशा गावातला. पाच वर्षांचा असताना चाकूने एक डोळा जखमी झाला आणि पुढे दुसराही गेला. आईवडिलांनी मुलाला आंधळा म्हणून वाढवायचे नाही असे ठरवले असावे, कारण हा मुलगा घरच्या कारखान्यात यंत्रांशी खेळत मोठा झाला आणि १९१२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात विनाशिका जहाजांच्या टर्बाइनचे फिरते भाग समतोल करण्याचे अवघड काम त्याने केले. फिरत्या यंत्रातली बारीक थरथर त्याच्या बोटांना कळे. पुढे पिस्टन रिंग बनवणाऱ्या घरच्या कंपनीचा तो प्रमुख झाला, आणि १९३६ साली अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्षही. ज्याला रस्ता दिसत नव्हता, त्याला मोटारवाल्यांनी आपला अध्यक्ष केले!

हॅरी लिंडसे हा त्याचा वकील. टीटर त्याच्या गाडीतून जात असे. लिंडसे बोलू लागला की गाडी मंदावे, ऐकू लागला की धावे. डोळसांना असल्या हिसक्यांचे विशेष वाटत नाही, रस्ता दिसत असतो. ज्याला रस्ता दिसत नाही त्याच्या पोटात मात्र प्रत्येक हिसका उतरतो. टीटर वैतागला आणि वकिलाच्या पायावर इलाज शोधू लागला. त्याच सुमारास, १९४२ मध्ये, रबर आणि पेट्रोल वाचवण्यासाठी अमेरिकन सरकारने ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली होती. तेव्हा एकसारख्या वेगाची गरज एकट्या टीटरलाच होती असे नाही.

इलाज समजायला सोपा आहे. बँकेच्या ग्रामीण शाखेत असताना मी डिझेल पंपसेटसाठी शेकड्याने कर्जे मंजूर केली. त्या इंजिनात गव्हर्नर असतो. फिरती वजने वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि इंधन आवरतात. वेग उतरला की आत येतात आणि इंधन वाढते. जेम्स वॅटने ही युक्ती १७८८ साली वाफेच्या इंजिनाला लावली होती. टीटरने असा गव्हर्नर गाडीच्या फिरत्या दांड्याला जोडला. डॅशबोर्डवर वेग ठरवायचा. गाडी तिथवर पोचली की ॲक्सिलरेटरचे पेडल पायाला उलटा रेटा देई. मला यातले मर्म असे वाटते की त्याने चालकाचा पाय काढून घेतला नव्हता. पायाला, न बघता, कळेल असे काहीतरी दिले होते. ही युक्ती आंधळ्या माणसालाच सुचावी. पेटंट मिळाले १९५० मध्ये.

पाय काढून घेण्याची सोय नंतर आली आणि तिथे विजेची मदत झाली. शाळेतली विजेची घंटा आठवा. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की लोखंड ओढले जाते, प्रवाह तुटला की सुटते. ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या दांड्याला असा विद्युतचुंबक धरून ठेवतो. ब्रेकवर पाय पडला की प्रवाह तुटतो आणि पकड सुटते. वायर तुटली, फ्यूज उडाला, तरीही सुटते. पकडून ठेवणाऱ्या यंत्राने बिघडताना सोडून द्यावे, ही अक्कल मला फार आवडली. आमच्या काही थकबाकीदारांच्या बाबतीत बँकेला ती कधी सुचली नाही, हे जाता जाता.

१९५८ मध्ये क्रायस्लरने आपल्या महागड्या गाड्यांत हे यंत्र 'ऑटो-पायलट' म्हणून बसवले. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव कॅडिलॅकचे, तेच टिकले. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्याला आणखी भाव आला. टीटर १९८२ साली वारला. आताच्या गाड्यांत तो दांडाही राहिलेला नाही. पेडलकडून वायरीतून निरोप जातो आणि संगणक इंजिनाला हुकूम देतो. काही गाड्या तर पुढच्या वाहनाचे अंतरही रडारने मोजतात. मात्र पावसात, निसरड्या रस्त्यावर आणि घाटात हे बटण वापरू नये. समृद्धी महामार्गासारख्या लांबच लांब सरळ रस्त्यावर तर पाय रिकामा झाला की डोळेही जड होऊ लागतात.

डिसेंबरात आम्ही मुलाच्या गाडीने पुण्याहून ठाण्याला निघालो. एक्स्प्रेस वेला लागल्यावर त्याने मला चालवायला दिली. मी ऐंशी ठरवले, बटण दाबले, पाय काढला आणि नव्या कादंबरीचे कथानक सांगू लागलो. गाडी रेसभरही हलली नाही. पत्नी बराच वेळ गप्प होती.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही. तुम्ही कुठे अडताय, कुठे रंगताय ते कळत नाहीये. एरवी पायावरून कळतं."

मुलगा मागून म्हणाला, "आई, अगं सुरक्षित आहे ते."

"असू दे रे," ती म्हणाली.

मी ब्रेकला हलकेच पाय लावला. लोणावळ्यापर्यंत ती मला वेग सांगत होती. एकदाच चुकली, तेही पाचाने.