नाकातली नळी आणि मी: मॅनोमेट्रीला घाबरणाऱ्यांसाठी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे भरकटलो तिथे थोडं छाटलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जेवता जेवता ऐकू नका, एवढं आधीच सांगून टाकतो.

झालं असं की मागे एकदा बोलता बोलता मी म्हणून गेलो होतो, की माझी इसोफेजिअल मॅनोमेट्री नावाची टेस्ट झालीये. त्यावर एकाचा मेसेज आला. पुढच्या मंगळवारी त्याची तीच टेस्ट आहे, चार दिवस झोप नाही, आणि आता तो रद्दच करायच्या विचारात आहे. त्याला मी काय उत्तर दिलं असतं? 'काही नसतं रे त्यात'? खोटं बोलल्यासारखं झालं असतं. कारण मी स्वतः पहिल्या वेळी टेबलावरून उठून पळून आलोय. अक्षरशः. नळी अर्धवट नाकात असताना हाताने ओढून काढली आणि बाहेर येऊन रिक्षा पकडली.

सुरुवातीपासून सांगतो.

आपल्याकडे बेसनाचा लाडू किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक घाईत खाल्ला की तोठरा बसतो. छातीत गच्च होतं, पाण्याचा घोट घेतला की उतरतं. मला दीड वर्षापूर्वी तसा तोठरा साध्या पोळीचा बसायला लागला. मग वरण-भाताचा. आणि गंमत म्हणजे कधीकधी पाण्याचासुद्धा. आई म्हणायची, "लॅपटॉपसमोर बसून गिळतोस, दुसरं काय होणार!" ऑफिसातले म्हणायचे अ‍ॅसिडिटी. मीही महिनोन्‌महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. रात्री झोपल्यावर न पचलेलं पाणी-अन्न तोंडात यायचं, सकाळी उशी ओली. डब्याला अर्धा तास लागायचा म्हणून मी कँटीनमध्ये एकटा बसायला लागलो. वजन ९ किलो उतरलं तेव्हा लोक 'फिट दिसतोस' म्हणत होते!

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगतो. गिळायला त्रास होतोय, वाढत चाललाय, वजन घटतंय, असं असेल तर गोळ्या खात बसू नका, पोटाच्या डॉक्टरांकडे जा. आधी घट्ट घास अडकतो आणि हळूहळू पातळही अडकायला लागतं, तेव्हा वाटेत काहीतरी अडथळा असू शकतो. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असेल, तर नळीच्या हालचालीतच गडबड असण्याची शक्यता जास्त. पण हे ठरवणं आपलं काम नाही. म्हणून एंडोस्कोपी आधी करतात.

माझी एंडोस्कोपी झाली. गाठ नाही, जखम नाही. मग 'सगळं ठीक' म्हणून घरी का नाही पाठवलं? याचं उत्तर मला माझ्या कामाच्या भाषेत कळलं. एंडोस्कोपी म्हणजे कोड वाचणं. मॅनोमेट्री म्हणजे तो चालवून लॉग बघणं. वाचताना स्वच्छ दिसणारा कोड चालवल्यावर हँग होतो, हे आपल्याला काही नवीन नाही.

अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. आपल्याला वाटतं घास वरून टाकला की खाली पडतो. तसं नाही. गिळल्यावर स्नायूंची एक लाट वरून खाली जाते, टूथपेस्टची ट्यूब दाबत न्यावी तशी, आणि ती घासाला पोटापर्यंत पोचवते. याला ८-१० सेकंद लागतात. तळाशी एक झडप असते. ती एरवी बंद, घास आला की सैल होते. लाट आणि झडप यांचा मेळ बसला नाही की माझ्यासारखं होतं. हा मेळ फोटोत दिसत नाही, दाब मोजूनच कळतो. आणि दाब मोजायला आत नळी घालावी लागते.

आता ती नळी. साधारण ४ मिलिमीटर जाड, म्हणजे फोनच्या चार्जरच्या वायरीएवढी, आणि लवचीक. माझ्या नळीवर एकेक सेंटीमीटरवर एक असे ३६ सेन्सर होते. ती नाकातून घशात, घशातून अन्ननलिकेत आणि झडप ओलांडून पोटात जाते. आणि हो, भूल देत नाहीत. नाकात बधिर करायची जेली लावतात, बस्स. याच वाक्यावर माझं धाबं दणाणलं होतं. मला वाटलं पैसे वाचवायला देत नसतील. कारण वेगळंच आहे. झोपेच्या औषधाने ज्या स्नायूंचं काम मोजायचं त्यांचाच दाब बदलू शकतो. शिवाय 'गिळा' म्हटल्यावर गिळायला माणूस जागा हवा ना!

पहिल्या वेळचं सांगतो. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले. हे करू नका. ज्यांचं नीट पार पडलं ते कशाला व्हिडिओ टाकतील? सकाळी उपाशी, हात गार. टेक्निशियन ताई चांगल्या होत्या, पण मी त्यांना काहीच विचारलं नाही, भीती वाटतेय हेही सांगितलं नाही. पुरुषासारखा पुरुष, कसं सांगणार! नळी नाकाच्या मागच्या वळणावर आली, जोरात उबळ आली, डोळ्यांतून पाणी, आणि डोक्यात एकच विचार: श्वास बंद होतोय. ओढली आणि पळालो.

घरी कुणाला सांगितलं नाही. आईला म्हणालो मशीन बिघडलंय. त्यानंतर तीन आठवडे मी ताक आणि पेजेवर काढले, आणि एका रात्री झोपेत वर आलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊन असा ठसका लागला की आई धावत आली. त्या रात्री मी तिला खरं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुला नेमकी कशाची भीती वाटते ते तरी नीट सांग."

आणि मला सांगता येईना. मग आपण बग फोडतो तसं मी ते कागदावर फोडलं. तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, गुदमरणं. ही भीती खरी वाटते, पण नळी अन्ननलिकेत असते, श्वासनलिकेत नाही. हवेची वाट मोकळी असते. दुसरं नाक मोकळं, तोंड मोकळं. उबळ येते तेव्हा श्वास क्षणभर अडतो, त्यामुळे मेंदू गुदमरल्याची घंटा वाजवतो. ती घंटा खोटी असते, पण वाजते मात्र खूप जोरात. त्यावर एकच उपाय मला लागू पडला: लांब उच्छ्वास. आत घ्यायची घाई नाही, हळूहळू बाहेर सोडायचा. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो.

दुसरी, उबळ. ती घशाच्या मागच्या भागाला स्पर्श झाला की येते, आपण भित्रे आहोत म्हणून नाही. तो शरीराचा बचाव आहे. पण त्या वळणाचा टप्पा काही सेकंदांचा असतो. आणि आपण गिळत राहिलो तर नळी आपल्याच लाटेवर बसून खाली जाते. म्हणून हनुवटी छातीला टेकवून स्ट्रॉने पाणी पीत राहायला सांगतात. मी आठवडाभर घरी याचाच सराव केला, नुसतं पाणी आणि स्ट्रॉ. आई हसायची. पण टेबलावर शरीराला ओळखीचं काहीतरी करायला मिळालं, हा फायदा मोठा.

तिसरी भीती होती ताबा जाण्याची. कुणीतरी माझ्या नाकात काहीतरी घालतंय आणि मी 'थांबा' म्हणू शकत नाही. यावरचा उपाय इतका सोपा आहे की लाज वाटते. आधी विचारायचं. दुसऱ्या वेळी मी आत गेल्या गेल्या म्हणालो, "ताई, मागच्या वेळी पळालेला तो मीच. मला भीती वाटते. हात वर केला तर थांबाल का?" त्या म्हणाल्या, "दादा, दर आठवड्याला एखादा पळतो. करा की हात वर." मी पूर्ण टेस्टमध्ये एकदाच हात वर केला. त्या खरंच थांबल्या. नंतर गरज पडली नाही.

पाच-सहा तास आधीपासून पोट रिकामं लागतं, तुमचे डॉक्टर सांगतील तेवढं. माझ्यात अन्न साठून राहतं म्हणून मला आदला दिवस नुसत्या पातळावर ठेवलं होतं. डायबेटिस असेल, रक्त पातळ करायच्या, बीपीच्या किंवा दुखण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काही गोळ्यांनी रीडिंग बदलतं. मात्र आपल्या मनाने एकही बंद करू नका. नाकाचं हाड वाकडं असेल, एक नाकपुडी कायम चोंदत असेल, तर तेही सांगा. माझी डावी मोकळी होती आणि पहिल्या वेळी उजवीतून घातली होती, कारण मी तोंडच उघडलं नव्हतं.

नळी बसायला एखादं मिनिट लागलं असेल. मग ती नाकाजवळ टेपने चिकटवली, आडवं केलं, आणि काही मिनिटं नुसतं पडून राहायचं. घसा सवय करून घेतो. खरंच करतो. मग सिरिंजने ५ मिलिलिटर पाणी तोंडात देतात आणि 'गिळा' म्हणतात. असे दहा घोट.

घोटांपेक्षा त्यांच्या मधलं थांबणं जास्त अवघड आहे. अर्धा मिनिट वगैरे आवंढा गिळायचा नाही. आणि 'गिळू नका' म्हटलं की तोंडात धबधबा सुरू होतो! पण हा नियम का, हे कळल्यावर मला ते जमलं. एक आवंढा गिळून लगेच दुसरा गिळला की शरीर पहिली लाट मध्येच रद्द करतं. घटाघटा पाणी पिताना शेवटच्या घोटाचीच लाट पूर्ण जाते. फ्रंटएंडवाल्यांनो, हा तर सरळ डिबाउन्स झाला. सर्चच्या चौकटीत टाइप करत राहिलो की विनंती शेवटच्या अक्षरानंतरच जाते ना, तसं. म्हणजे मध्ये आवंढा गिळला तर ते रीडिंग वाया आणि घोट पुन्हा. लाळ आली तर नाही गिळायची, तोंडाच्या कडेने रुमालात जाऊ द्यायची. लाजू नका, त्यांना रोजचं आहे. त्या वेळात मी पायाची बोटं एकेक करून हलवत होतो. बाळबोध आहे, पण लक्ष जातं.

शेवटी बसवून अजून काही घोट आणि एक ग्लासभर पाणी सलग प्यायला लावलं. नळी काढायला दोन सेकंद. एकूण अर्धा तास. नंतर नाक चुरचुरतं, घसा दिवसभर खवखवतो, कधी नाकातून थोडं रक्त येतं. मी घरी येऊन चहा प्यालो.

स्क्रीन मात्र बघण्यासारखी असते. उभ्या अक्षावर नळीची लांबी, आडव्यावर वेळ, आणि रंग म्हणजे दाब: निळा कमी, लाल जास्त. दाब असा रंगीत नकाशासारखा दाखवायची पद्धत अमेरिकेतल्या रे क्लाउझ यांनी १९९० च्या दशकात आणली. निरोगी माणसाची लाट तिरक्या पट्ट्यासारखी उतरते. माझ्यात तिरकं काहीच नव्हतं. पूर्ण नळीत एकदम दाब वाढत होता आणि तळाची झडप सैलच होत नव्हती. निदान अकॅलेशिया, टाइप २. वर्षाला लाखात साधारण एकाला होतो म्हणतात. लॉटरी मात्र कधी लागली नाही!

हा आजार जुना आहे. थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वर्षी, एका रुग्णाची नोंद केलीये. तो व्हेलच्या हाडाला स्पंज बांधून जेवण स्वतःच आत ढकलायचा, वर्षानुवर्षं. हे वाचल्यावर मला माझी चार्जरची वायर एकदम सोज्वळ वाटली.

आता उपाय आहेत. फुग्याने झडप ताणतात किंवा तिचा स्नायू कापतात. तोंडातून दुर्बीण घालून कापायची पोएम नावाची पद्धत जपानच्या इनोए यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा माणसावर केली. माझी तीच झाली, आणि तिला पूर्ण भूल देतात. कुठल्या प्रकाराला कुठला उपाय हे ठरवायला तो रंगीत आलेख फार उपयोगी पडतो. टाइप २ उपचारांना चांगला प्रतिसाद देतो, हे त्यातलं सुदैव. आता पोळी उतरते. झडप सैल झाल्यामुळे मला आता खरीखुरी अ‍ॅसिडिटी होते, तो भाग वेगळा.

दोन्ही वेळा प्रयत्न करून नळी जमलीच नाही, असंही होऊ शकतं. तेव्हा काही ठिकाणी एंडोस्कोपीच्या वेळी झोपेच्या औषधात नळी बसवतात आणि जाग आल्यावर मोजतात. बेरियम पिऊन ठरावीक मिनिटांनी एक्स-रे काढायचाही मार्ग आहे. पळालात तर डॉक्टरांना हे विचारा, माझ्यासारखे तीन आठवडे पेज पीत बसू नका.

मंगळवारवाल्या मित्रा, तुझ्यासाठी शेवटचं: सोबत कुणालातरी ने, आदल्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि रुमाल नको, टॉवेलच घे. लाळ फार येते.