वाऱ्याचा हिशेब

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर जे कोणी गेले असतील, त्यांनी तेथील पवनचक्क्यांच्या रांगा पाहिल्याच असतील. धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या बाजूसही असेच दृश्य दिसते. ते पाहून परतणारा मनुष्य बहुधा दोन प्रश्न बरोबर घेऊन येतो. पहिला, यांतून वीज निघते तरी किती? आणि दुसरा, आम्ही गेलो तेव्हा कितीतरी चक्क्या नुसत्या उभ्या होत्या. मग एवढा पैसा वाया गेला की काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एक तिसराच प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. चक्की उभी करण्यापूर्वीच तिच्यातून वर्षाला किती वीज निघेल, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरविले? आज आपणांस याच तिसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राचा खर्च दररोज होत असतो. मागणी कमी झाली तर कोळसा कमी जाळावा, एवढी सोय तेथे असते. वाऱ्याचा व्यवहार याच्या अगदी उलट आहे. वाऱ्याला दाम पडत नाही हे खरे. पण यंत्र, मनोरा, रस्ता, तारा यांचा जवळजवळ सर्व खर्च प्रारंभीच करावा लागतो, आणि उत्पन्न मात्र पुढील वीस-पंचवीस वर्षे थोडेथोडे येत राहते. ज्याने बियाणे आणि मशागत यांवर पैसा घालून मग आभाळाकडे डोळे लावले आहेत, त्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. फरक इतकाच की शेतकऱ्याचे पीक एका हंगामात हाती येते किंवा जाते. येथे एकदा चुकलेला अंदाज पंचवीस वर्षे पाठ सोडीत नाही. ज्या कर्जावर हा पसारा उभा राहतो ते बँकेचे असते, म्हणजे पर्यायाने ठेवीदारांचे, तुमचे-आमचेच असते. म्हणून हा हिशेब कसा होतो हे तज्ज्ञांइतकेच नागरिकांनीही समजून घेतले पाहिजे.

आरंभ वाऱ्यातील शक्तीपासून करू. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी एक चौकट वाऱ्यासमोर धरली आहे अशी कल्पना करा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर एका सेकंदात त्या चौकटीतून दुप्पट हवा जाईल. शिवाय त्या हवेच्या प्रत्येक किलोग्रॅममधील गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट होईल. दुप्पट हवा आणि तिच्यात चौपट ऊर्जा, म्हणजे एकूण शक्ती आठपट. थोडक्यात, वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समुद्रसपाटीजवळ सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा आपल्या चौकटीतून सुमारे ३९ वॅट शक्ती नेतो. ८ मीटर वेगाचा वारा सुमारे ३१४ वॅट नेतो. पुढील सर्व अडचणींचे बीज या घनात आहे.

ही सारी शक्ती आपल्या हाती लागत नाही. हवेतील सगळी ऊर्जा काढून घेतली तर ती हवा चक्कीच्या मागे जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याची वाट अडवील. तेव्हा थोडी ऊर्जा हवेला पुढे जाण्यासाठी सोडावीच लागते. किती सोडावी याचे गणित गॉटिंगेन येथील अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली मांडले. वाऱ्याचा वेग चक्कीच्या पुढे जितका होता त्याच्या एक-तृतीयांश मागे उरला, तर सर्वांत अधिक लाभ होतो. आणि तो लाभ २७ भागांतील १६ भाग, म्हणजे शेकडा ५९ हून किंचित अधिक असतो. यंत्र कितीही उत्तम बनवा, ही मर्यादा ओलांडता येत नाही.

बेट्झच्याही आधी डेन्मार्कमध्ये एका शिक्षकाने हा विषय प्रयोगशाळेत आणला होता. पॉल ला कूर हे त्याचे नाव. आस्कोव्ह नावाच्या खेड्यातील लोकविद्यालयात तो शिकवीत असे. सरकारी साहाय्य मिळवून १८९१ मध्ये त्याने तेथे प्रयोगासाठी चक्की उभारली. वारा नसताना काय करावयाचे, हा आजचा प्रश्न त्यालाही पडला होता. म्हणून त्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून तो वायू साठवीत असे आणि त्यावर विद्यालयातील दिवे लावीत असे. बंद बोगद्यात कृत्रिम वारा सोडून त्याने लहान प्रतिकृतींची परीक्षा केली. पुष्कळ पात्यांच्या संथ चक्कीपेक्षा थोड्या पात्यांची जलद फिरणारी चक्की विजेसाठी बरी, हे त्याला दिसून आले. योहानेस यूल हा त्याचाच विद्यार्थी. यूलने १९५७ मध्ये गेसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभी केली, आणि ती १९६७ पर्यंत चालली. आज आपल्या पठारांवर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या चक्क्या या परंपरेतल्या आहेत.

यंत्र चांगले असले तरी जागेचा अंदाज चुकला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. व्हर्माँट राज्यात ग्रँडपाज नॉब या टेकडीवर १९४१ मध्ये १,२५० किलोवॅटची प्रचंड चक्की बसविण्यात आली. जागा निवडताना वाऱ्याची पुरेशी मोजणी झालेली नव्हती. प्रत्यक्षात वारा अपेक्षेहून बराच मंद निघाला. १९४५ च्या मार्चमध्ये तिचे एक पाते तुटून पडले आणि तो प्रयोग संपला. पाते तुटले ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. वाऱ्याचा अंदाज चुकला होता ही गोष्ट अभ्यासकांच्या लक्षात राहिली. वेगाच्या अंदाजात शेकडा १० ची चूक झाली, तर घनाच्या नियमाने वाऱ्यातील शक्तीत सुमारे २७ टक्क्यांची तूट येते.

मग मोजणी करून सरासरी काढली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. येथेही फसगत आहे. एका गावी वारा सदासर्वदा सेकंदाला ६ मीटर वेगाने वाहतो असे समजा. दुसऱ्या गावी निम्मा काळ ३ मीटर आणि निम्मा काळ ९ मीटर वेगाने वाहतो. सरासरी दोन्हीकडे ६ च. परंतु पहिल्या गावी ६ चा घन २१६ आहे. दुसऱ्या गावी ३ चा घन २७ आणि ९ चा घन ७२९ यांची सरासरी ३७८ येते. सरासरी तीच असून शक्ती पावणेदोन पट! म्हणून अभ्यासक नुसत्या सरासरीवर थांबत नाहीत. वर्षातील किती तास कोणत्या वेगाचा वारा होता याची वाटणी ते मांडतात आणि तिला एका गणिती वक्ररेषेत बसवितात. ही रेषा वायबुल या स्वीडिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते.

दुसरी अडचण उंचीची. वेधशाळेचा वायुवेगमापक सामान्यतः जमिनीपासून १० मीटरवर असतो. चक्कीचा मध्य ८०, १००, १२० मीटरवर. जमिनीलगत झाडे, घरे, दगडधोंडे वाऱ्याला अडवितात; वर तो मोकळा होतो. सपाट, उघड्या प्रदेशासाठी एक ढोबळ नियम वापरतात. त्यानुसार १० मीटरवर ५ चा वेग असेल तर ८० मीटरवर सुमारे ६.७ चा असतो, म्हणजे शक्ती जवळजवळ अडीचपट. पण आपल्या सह्याद्रीचे कडे आणि घाट सपाट नाहीत. तेथे हा नियम डोळे मिटून लावता येत नाही. उंच मनोरा उभारून मोजावेच लागते.

आपल्या देशाचेच आकडे पाहा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने वेळोवेळी भारताची पवनक्षमता काढली. ५० मीटर उंचीसाठी ती सुमारे ४९ हजार मेगावॅट आली. १०० मीटरसाठी ३ लाख २ हजार, आणि १२० मीटरसाठी ६ लाख ९५ हजार. या काळात देशातला वारा काही वाढला नाही. उंची बदलली, आकडेमोड बारीक झाली, आणि किती जमीन मिळू शकेल याविषयीची गृहीते बदलली. तेव्हा असा आकडा ऐकला की तो कोणत्या उंचीचा आणि कोणत्या गृहीतांचा, हे विचारावयास आपण शिकले पाहिजे.

तिसरी अडचण चक्क्यांनी एकमेकींना केलेल्या अडथळ्याची. पुढच्या चक्कीने ऊर्जा काढून घेतली की तिच्या मागे मंद आणि अस्वस्थ वाऱ्याचा एक पट्टा तयार होतो. जणू ती वाऱ्याची सावलीच. डेन्मार्कच्या रीसो प्रयोगशाळेतील एन. ओ. येन्सेन याने १९८३ मध्ये हिचे फार सोपे गणित दिले. ही सावली मागे जाताना सरळ रेषेत रुंदावते, आणि जितकी रुंदावते तितकी फिकट होते. ८० मीटर व्यासाच्या चक्कीची सावली समुद्रावर ५६० मीटर अंतरावर सुमारे १३६ मीटर रुंद होते असे धरले, तर तेथील वेग सुमारे शेकडा १९ ने घटलेला निघतो, आणि घनाच्या नियमाने शक्ती जवळजवळ निम्मी. जमिनीवर हवा अधिक घुसळली जाते, त्यामुळे सावली लवकर रुंदावते आणि लवकर विरते. तेथे हीच घट सुमारे एक-तृतीयांश येते.

हे कागदावरचे गणित खरे ठरते काय? डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यासमोर समुद्रात हॉर्न्स रेव्ह येथे २००२ मध्ये ८० चक्क्या बसविल्या गेल्या. त्यांचा व्यास ८० मीटर आणि परस्परांतील अंतर ५६० मीटर. वारा नेमका रांगेच्या दिशेने वाहतो तेव्हा दुसऱ्या चक्कीची शक्ती पहिलीहून सुमारे शेकडा ४० ने कमी भरते. इतक्या साध्या सूत्राने सत्याच्या इतके जवळ जावे ही कौतुकाची गोष्ट आहे. सुदैवाने वारा सदैव रांगेच्या दिशेने वाहत नाही, म्हणून वर्षभराची तूट याहून पुष्कळच कमी असते.

तरीही चूक होतेच. समुद्रावरील पवनवीजनिर्मितीत अग्रेसर असलेल्या ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वतःच जाहीर केले की आपल्या पूर्वीच्या अंदाजांत या सावलीचा परिणाम कमी धरला गेला होता. तसेच संपूर्ण समूहाच्या अडथळ्याने वारा तेथे पोहोचण्यापूर्वीच थोडा मंदावतो, तेही कमी धरले गेले होते. अरुंद गल्लीच्या तोंडाशी गर्दी जशी आधीच संथ होते, तसाच हा प्रकार. ज्यांच्यापाशी शेकडो चक्क्यांचा अनुभव होता त्यांनाही आपला हिशेब खाली आणावा लागला. आम्हांस यात नामुष्की दिसत नाही. चूक मोजून ती उघडपणे सांगणे हेच शास्त्राचे काम होय.

आता शेवटची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चांगला अभ्यासक एकच आकडा देत नाही. एका वर्षाची मोजणी जवळच्या ठिकाणच्या अनेक वर्षांच्या नोंदींशी ताडून तो दोन आकडे देतो. पहिला मधला: प्रत्यक्ष उत्पन्न याच्या वर जाण्याचा आणि खाली राहण्याचा संभव सारखाच. दुसरा सावध: उत्पन्न याच्या वर राहण्याचा संभव दहात नऊ. मधला आकडा वर्षाला १० कोटी युनिट असेल आणि अनिश्चितता शेकडा १० असेल, तर सावध आकडा सुमारे ८ कोटी ७० लाख येतो. कर्ज देणाऱ्याने दुसरा आकडा पाहावयाचा असतो. विकणारा मात्र पहिलाच मोठ्याने सांगतो.

यात आणखी एक सूक्ष्म फसवणूक असते, आणि ती कोणी मुद्दाम करीत नाही. वीस जागांचे अंदाज काढले आणि त्यांतील सर्वांत मोठ्या अंदाजाची जागा निवडली, तर आपण चांगला वारा निवडतो, तशीच वरच्या बाजूला झालेली चूकही निवडतो. म्हणून निवडलेल्या जागेचा अंदाज नेमका सर्वांत अधिक संशयाने तपासला पाहिजे. मोजणी प्रामाणिक असूनही निवड आपल्याला फसवू शकते.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटरच्या खाली असला की चक्की वीज देत नाही, आणि सुमारे २५ च्या वर गेला की सुरक्षिततेसाठी ती थांबविली जाते. आपल्या पठारांवर जोराचा वारा पावसाळ्यात असतो, आणि सहलीला आपण बहुधा हिवाळ्यात जातो. तेव्हा थांबलेली चक्की पाहून पैसा बुडाला असे म्हणता येत नाही. तिचे थांबणे हिशेबात आधीच धरलेले होते की नाही, हे पाहावे लागते. आणि वीज किती निघते, याचे उत्तर एका दिवसाच्या दृश्यात नसून वर्षभराच्या नोंदीत असते.

या नोंदी आणि आधी केलेले अंदाज हे दोन्ही शेजारीशेजारी ठेवून लोकांसमोर आले पाहिजेत, एवढीच आमची मागणी आहे. उद्या आपल्या गावाजवळ असा प्रकल्प येईल, किंवा आपल्या पतसंस्थेला त्यात भांडवल घालण्याविषयी विचारले जाईल. त्या वेळी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. वारा कोणत्या उंचीवर आणि किती काळ मोजला? शेजारच्या चक्क्यांची सावली धरली आहे काय? आणि सावध आकडा कोणता? ज्याच्यापाशी या तिन्हींची उत्तरे आहेत त्याच्याशी पुढे बोलण्यास हरकत नाही. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याला आधी मनोरा उभारून वर्षभर वारा मोजण्यास सांगावे.