बटण एक, संकेतस्थळे अनेक

२५ डिसेंबर २०१८ रोजी चीनमधील अनेक संकेतस्थळांवरील बटणांवर अचानक बर्फ साचलेला दिसू लागला. संकेतस्थळे निरनिराळ्या संस्थांची होती, त्यांचे प्रोग्रामरही वेगळे होते. त्यांच्यात साम्य एकच होते. या सर्वांनी 'अँट डिझाईन' या संग्रहातील तयार बटण वापरले होते. नाताळच्या दिवशी बटणावर बर्फ दाखविणारी गंमत संग्रहाच्या कर्त्यांनी काही महिने आधीच त्यात दडवून ठेवली होती. कार्यालयीन कामकाजाच्या पडद्यावर ही गंमत अनेकांना रुचली नाही. कर्त्यांनी माफी मागितली आणि सुधारित आवृत्ती दिली. मात्र या प्रसंगाने आधुनिक वेब अ‍ॅप्लिकेशन्स कशी घडतात, हे सर्वांसमोर आले.

रेल्वेचे आरक्षण असो वा बँकेचा व्यवहार, पडद्यावर आपण तेच ते घटक हाताळतो: बटण, मजकुराची चौकट, तारखेचे कॅलेंडर, पर्यायांची यादी, चुकीची सूचना. प्रत्येक कामासाठी ते नव्याने लिहिणे म्हणजे घर बांधताना प्रत्येक कडी-कोयंडा लोहाराकडून घडवून घेण्यासारखे आहे. त्याऐवजी हे घटक एकदाच नीट घडवून, तपासून ठेवायचे आणि हवे तेथे वापरायचे, ही घटकसंग्रहाची कल्पना होय.

कल्पना जुनीच आहे. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो'ने भरविलेल्या परिषदेत डग मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे सुटे भाग कारखान्यातील भागांप्रमाणे तयार मिळावेत, असा विचार मांडला. वेबवर तो रुजण्यास बराच काळ लागला. २००६ मध्ये याहूने आपला 'वाययूआय' हा संग्रह सर्वांना खुला केला. २०११ मध्ये ट्विटरमधून 'बूटस्ट्रॅप' बाहेर पडला. २०१३ मध्ये फेसबुकने 'रिअ‍ॅक्ट' खुले केले आणि संपूर्ण पडदाच छोट्या घटकांतून रचण्याची पद्धत रूढ झाली.

फायदा केवळ वेळेचा नाही

वेळ वाचतो, हा फायदा उघड आहे. त्याहून मोठा फायदा गुणवत्तेचा आहे. साधे वाटणारे कॅलेंडर घ्या. ते माऊसशिवाय केवळ कळफलकाने चालले पाहिजे, 'एस्केप' दाबताच मिटले पाहिजे आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला निवडलेली तारीख वाचता आली पाहिजे. घाईत लिहिलेल्या कॅलेंडरमध्ये यांपैकी काहीतरी हमखास राहून जाते. चांगल्या संग्रहात हे काम एकदा होते आणि त्याचा लाभ प्रत्येक पानाला मिळतो.

उत्तम संग्रह घटक केव्हा वापरू नये, हेही सांगतो. ब्रिटिश सरकारच्या संग्रहात जन्मतारखेसाठी कॅलेंडर न देता दिवस, महिना व वर्ष यांच्या तीन साध्या चौकटी सुचविल्या आहेत. पाठ असलेली तारीख शोधण्यासाठी पन्नास-साठ वर्षे मागे जायला लावणे म्हणजे वापरणाऱ्याला विनाकारण त्रास देणे होय.

त्याच वाटेने दोषही

ज्या वाटेने सुधारणा सर्वत्र पोहोचते, त्याच वाटेने दोषही पोहोचतो. बटणावरचा बर्फ निरुपद्रवी होता. सुरक्षेतील त्रुटी तशी नसते. शिवाय संग्रहाचे आयुष्य आपल्या हाती नसते. याहूने २०१४ मध्ये 'वाययूआय'चा पुढील विकास थांबविला. त्यावर उभी असलेली अ‍ॅप्लिकेशन्स त्या दिवशी बंद पडली नाहीत, पण त्यांच्या मालकांना आज ना उद्या दुसरा आधार शोधणे भाग पडले.

मराठीसाठी आणखी एक अडचण आहे. बरेच संग्रह रोमन लिपी समोर ठेवून रचलेले असतात. उंची ठराविक ठेवलेल्या बटणात वेलांट्यांचे माथे आणि उकारांचे शेपूट कापले जाते. रकमेत लाख-कोटींप्रमाणे स्वल्पविराम पडत नाहीत.

निवड करताना

म्हणून संकेतस्थळ करून घेणाऱ्या संस्थेनेही काही प्रश्न विचारावेत. संग्रहाची देखभाल आज कोण करते? त्याचा परवाना कोणता आहे? माऊस बाजूला ठेवून, केवळ कळफलकाने संपूर्ण अर्ज भरता येतो का? मराठी मजकूर घालून पाहिला आहे का? प्रोग्रामरने संग्रहातील घटक थेट शेकडो ठिकाणी न पेरता आपल्या स्वतःच्या एका पातळ आवरणातून वापरावेत. मग उद्या संग्रह बदलावा लागला, तरी बदल बव्हंशी त्या आवरणापुरता राहतो.

तयार घटक घेतल्याने श्रम वाचतात, जबाबदारी मात्र हस्तांतरित होत नाही. पानावरील बटण चालले नाही, तर ग्राहक संग्रहाच्या कर्त्याला जाब विचारत नाही. तो ज्याचे पान आहे त्यालाच विचारतो.