नवतपा आणि तंबोरा

कूलर सुरू केला की खुंट्या आवळतात, बंद केला की सुटतात. नागपूरजवळ हिंगण्याच्या आमच्या घरात मे महिन्यातला रियाज असा कूलरच्या बटनावर चालतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, एमआयडीसीच्या रस्त्यावरचं डांबर पाघळलेलं, आणि आत दिवाणावर आईचा मिरजेचा तंबोरा गवसणीत आडवा पडलेला. वाळ्यातून येणारा ओला वारा माणसाला सुखाचा. तंबोऱ्याला मात्र तो एकाच दिवसात दोनदा पावसाळा आणि दोनदा उन्हाळा दाखवतो. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. भोपळा आणि लाकूड एका चालीनं आक्रसत नाहीत, म्हणून भेगेची पहिली शंका दोघांच्या सांध्यावर घ्यायची. नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या कडक नऊ दिवसांत, मी रोज सकाळी त्या सांध्यावरून अंगठा फिरवते.

या वाद्याचा भोपळा मूळचा भीमाकाठचा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात हे जाड सालीचे, कडू, खाण्याच्या कामाचे नसलेले भोपळे होतात. ते वाळवून मिरजेला जातात आणि तिथे तूनच्या लाकडाची तबली, गळा आणि दांडी त्यांना जोडली जाते. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभा राहिला, आणि त्याचा मूळ पुरुष म्हणून फरीदसाहेब शिकलगारांचं नाव घेतात. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. संस्थानांच्या तलवारी म्यानात गेल्या आणि पोटासाठी हात दुसरीकडे वळले. मला यात गंमत वाटते ती अशी, की कानस त्यांच्या हातातून सुटलीच नाही. पोलाद घासणारे तारा टेकवायच्या घोडीचं हाड आणि शिंग घासू लागले, एवढंच. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 साली गेल्यावर तिथल्याच मातीत विसावले. वाद्यदुरुस्तीत त्यांना स्वतःला गती होती. गवयी आणि कारागीर एकाच गावात असले की वाद्याला ऐकणारा कान शेजारीच मिळतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता पुसण्याबद्दल. खरं सांगायचं तर तंबोऱ्याची बरीचशी काळजी हात आवरण्यातच आहे. मऊ, कोरडं, जुन्या धोतराचं फडकं घ्यायचं. तबलीवर घोडीच्या आसपास तारांखाली धूळ बसते, तिथे बोट घालायचं नाही, रंगकामाचा मऊ ब्रश फिरवायचा. वाजवून झालं की तारा वरपासून खालपर्यंत चिमटीत धरून पुसायच्या, कारण घामानं पितळी तार काळी पडते आणि पोलादी तार गंजते. तेल, पाणी, फर्निचरचं पॉलिश, काही नको. हा शहाणपणा मला उशिरा सुचला. करोनाच्या दिवसांत सगळं घर पुसता पुसता मी भोपळ्यावरही सॅनिटायझरचा बोळा फिरवला. फडक्याला तांबूस रंग लागला तेव्हा आधी वाटलं, किती मळ निघाला! तो मळ नव्हता. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून लावलेलं असतं, आणि सॅनिटायझरही त्याच जातीचा. भोपळ्यावर तळहाताएवढा फिका डाग अजून आहे. पुढे मिरजेच्या कारागिरानं तो पाहिला आणि विचारलं, “ताई, अंघोळ घातली होती काय?”

त्याच्याकडे मी गेले होते ते डागासाठी नव्हे, जवारीसाठी, म्हणजे घोडीचा माथा घासून घ्यायला. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला पुढच्या बाजूला अगदी हलका उतार असतो, आणि कंप पावणारी तार त्या उताराला निसटता स्पर्श करत राहते. तार आणि घोडीच्या मध्ये सुती धागा सरकवला की आवाज एकदम उघडतो, खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं आहे. तार ज्या जागी छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा जुना नियम. तंबोरा तो नियम पाळत नाही, हे रामन यांनी दाखवलं. बेशिस्त आहे ती या उताराची.

तारा वर्षानुवर्षं एकाच जागी घासल्या की त्या उतारात बारीक चर पडतात. मग धागा कितीही सरकवा, आवाज एकतर बसका येतो नाहीतर झणझणतो. त्याला साफसफाईचा उपाय नाही, जवारी काढावी लागते. कारागिरानं तारा बाजूला सारल्या, कानशीचे चार हलके हात मारले, वरून पॉलिश पेपर फिरवला, तार परत बसवली, छेडली, मान हलवली. नाही. पुन्हा कानस. हे दीड तास चाललं. घोडीवरून उडालेली पांढरी पूड चिमूटभरही नव्हती. मी विचारलं, किती घासलंत? तो म्हणाला, “मोजून नाही घासत. ती बोलली की थांबायचं.” पूर्वी घोडीला सांबरशिंग लागे. वन्यजीव कायद्यानंतर ते गेलं, आता उंटाचं हाड आणि आबनूस.

खुंट्यांचं मात्र घरी भागतं. उन्हाळ्यात सरकू लागली की खुंटी काढून तिच्या अंगाला शाळेचा खडू घासायचा. मृग लागला, ती अडकून बसली, की सुक्या साबणाची वडी. जोर करून पिळायची नाही, दांडीला चीर जाते. महिनाभर गावाला जायचं तर तारा दोन-तीन पीळ उतरवून ठेवायच्या.

जवारीसाठी मात्र मिरज गाठावी लागते, आणि नागपूर ते मिरज महाराष्ट्र एक्स्प्रेसनं दिवसभराहून जास्त वेळ लागतो. मागच्या खेपेला खालच्या बर्थवर तंबोरा झोपला आणि मी पायथ्याशी बसून आले. वर्धा सोडली तसा तिकीट तपासनीस आला, गवसणीकडे पाहून त्यानं विचारलं, “पेशंट आहे का?” मी हो म्हटलं.