अंधारात उजळणारे दगड



मागच्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत, ॲरिझोनाला गेलो होतो. तिथले डोंगर पाहून आपल्या नेगेवची आठवण येते, तसेच उघडेबोडके आणि तसेच तांबूस. विकेनबर्ग गावाच्या बाजूला १८६३ साली सोन्याची व्हल्चर खाण सापडली आणि पुढे त्या भागात खाणींमागून खाणी निघाल्या. त्यांतल्या कितीतरी आज ओस आहेत. तोंडाशी मात्र त्या वेळी निरुपयोगी म्हणून टाकलेल्या दगडांचे ढीग पडलेले असतात. या ढिगांत हौशी लोक रात्री दिवा घेऊन दगड वेचतात. आम्हीही खाणमालकाची परवानगी काढून एका रात्री मुलाबरोबर गेलो.

हा दिवा अतिनील किरणांचा. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण काही खनिजे ते शोषून घेतात. त्यातली थोडी शक्ती उष्णतेत जाते आणि उरलेली दिसणाऱ्या उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. दिवसा ज्याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही असा पांढुरका कॅल्साइट निखाऱ्यासारखा लाल होतो. जस्ताचे विलेमाइट पोपटी हिरवे दिसते आणि फ्लोराइट निळे. गंमत अशी की कॅल्साइटचा लाल आणि विलेमाइटचा हिरवा, दोन्ही रंग बहुधा मँगनीजच्या किंचित भेसळीमुळे येतात. भाडेकरू एकच, घर बदलले की रंग बदलतो!

या चमकेला इंग्रजीत फ्लुअरेसन्स म्हणतात. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी हे नाव फ्लोराइटवरूनच दिले. आपण लहानपणी हिवतापावर नाक दाबून घेत असू ते कडू कोयनेल आठवते ना? स्टोक्स यांनी त्याच्या द्रावणाची निळी चमकही अभ्यासली होती.

परत आल्यावर एलातच्या व्याह्यांनी विचारले, "मग आमच्या तिम्नाचे दगड का चमकत नाहीत?" कारण तांबे. तांबे आणि लोह ही चमक मारून टाकतात. म्हणून तिम्नाचा हिरवा मॅलाकाइट उन्हात देखणा दिसतो, पण या दिव्याखाली काळाच राहतो.

आता काळजीची गोष्ट. त्या रात्री एक लाल तुकडा पाहून आम्ही चार पावले पुढे टाकली, तोच मुलाने दंड धरला. पुढे विहिरीसारखा खड्डा होता, कठडा नाही की फलक नाही. या दिव्यात दगड उजळतो, खड्डा उजळत नाही. म्हणून कोणी जाणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे: जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी. दुसऱ्या हातात साधी बॅटरी असावी. खाणीच्या आत मुळीच जाऊ नये. आत हवा विषारी असू शकते आणि लाकडी टेकू कुजलेले असतात. आखूड लहरींचा दिवा (२५४ नॅनोमीटर) डोळे आणि कातडी भाजतो, म्हणून संरक्षक चष्मा आणि हातमोजे घालावेत. आणि हिरवट चमकणारे सगळेच दगड नसतात. विंचूही त्या दिव्यात तसाच चमकतो!

आपल्या देशात निसर्ग-राखीव क्षेत्रातून दगड उचलायला कायद्याची बंदी आहे, तेव्हा तिथे हात लावू नये.

डोंगर चढणे ज्यांना झेपत नाही त्यांनी घरीच पाहावे. लांब लहरींची (३६५ नॅनोमीटर) छोटी बॅटरी आणावी, नातवंडांना जवळ बसवावे आणि दिवे मालवून टॉनिक वॉटरच्या पेल्यावर धरावी. त्यात तेच आपले कोयनेल असते. पेला निळा होईल. मग हिवतापाच्या गोष्टी सांगायला आपण आहोतच.