कान जाईल की काय?

एक कान दडपल्यासारखा, आत सतत घूंऽ असा आवाज, आणि मधूनच घर गरगर फिरून उलटी. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमकडे याला ‘पित्त झालं’ म्हणून सोडून देतात, नाहीतर कानात कोमट तेल घालतात. तेल नकोच, पडद्याला भोक असेल तर दुखणं वाढतं.

हा मेनिएरचा आजार असू शकतो. अशी चक्कर आतल्या कानामुळेही येते, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये मांडलं. ऐकू येणं यात कमीजास्त होत राहतं, बहुधा एकाच कानाचं. दोन्ही कान ठार बहिरे होणं विरळ. भीती मात्र दोन्ही कानांची बसते. मग माणूस रात्री उशीवर पडून कानाजवळ बोटं चोळतो, मोबाइल या कानाचा त्या कानाला लावतो. थकवा आला की कानातला आवाजही मोठा वाटतो. अशा घरगुती चाचण्यांपेक्षा डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढावा आणि मागच्या कागदाशी ताडून बघावा.

या आजारात मीठ कमी करायला सांगतात. मीठ कमी म्हणजे लोणचं, पापड, खारे शेंगदाणेही कमी. चक्करचे झटके येत असतील तर खव्याच्या उकळत्या कढईसमोर, विहिरीच्या काठावर एकट्यानं थांबू नये, दुचाकीही नको.

एका कानाचं एकाएकी, दोन-तीन दिवसांत ऐकू येणं गेलं, तर बाजाराच्या दिवसाची वाट न बघता बार्शी किंवा धाराशिवचा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो.